पोलंडमधला ज्यू वारसा: सात दिवस, आणि आधी शनिवार कुठे पडतो ते बघा

विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर समोर घ्या आणि आपला शनिवार कुठल्या गावी पडतोय ते बघा. वॉर्सातली ओकोपोवा रस्त्यावरची ज्यू दफनभूमी, नोझिक सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ज्यू इतिहास संस्था, क्राकोव्हमधलं रेमू सिनेगॉग, ही सगळी ठिकाणं शनिवारी बंद असतात. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, सुरू होतो, त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतरही भरवसा नाही. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, तेल्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणायचे ते याचमुळे. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. वॉर्सातला पोलिन म्युझियम (पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचा) मात्र मंगळवारी बंद असतो. टूर कंपन्यांचे कार्यक्रम बघितले तर या दोन वारांवर निम्मे आपटतात, आणि मग गाईड लोकांना बंद फाटकाबाहेरून दफनभूमी ‘दाखवतो’.

नाझी छावण्यांची (ट्रेब्लिंका, मायदानेक, ऑश्विट्झ) संग्रहालयं सरकारी आहेत, ती शनिवारी उघडी असतात. तेव्हा जमणारा क्रम असा: बुधवार आणि गुरुवार वॉर्सा, शुक्रवारी ट्रेब्लिंका, शनिवारी लुब्लिन आणि मायदानेक, रविवारी क्राकोव्ह गाठून तिथला जुना ज्यू भाग काझिमिएश, सोमवारी ऑश्विट्झ, मंगळवारी क्राकोव्हचा पोडगुझे भाग. पोहोचण्याचा आणि परतीचा दिवस वेगळा धरा.

हंगामही बघायला हवा. आपल्याकडे सोयीची म्हणून दिवाळीची सुट्टी पकडतात, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारी पोहोचलात तर ऑश्विट्झचा दुसरा भाग, बिर्केनाऊ, अंधारात बघाल. १ नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला निघतो. गाड्या भरलेल्या, दुकानं बंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू नववर्ष, योम किप्पूर, सुक्कोथ आणि वसंतात वल्हांडण आलं की सिनेगॉगं पुन्हा बंद. मे महिना सगळ्यात बरा.

पहिला दिवस पोलिनला द्या, पुरा. याबाबत आमचं मत ठाम आहे: ही सफर ऑश्विट्झपासून सुरू करू नये. महायुद्धाआधी पोलंडमध्ये ३३ लाखांच्या आसपास ज्यू होते, त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले. पण हे लोक कोण होते, काय खायचे, कुठल्या भाषेत भांडायचे, पंचायत कशी चालवायचे, हे ठाऊक नसेल तर छावणीत दिसतो तो नुसता बुटांचा ढीग. पोलिनची आठ दालनं हजार वर्षांचा हिशोब मांडतात. नरसंहार त्यांतल्या एका दालनात आहे. घाईघाईने बघायलाही तीन तास जातात. ग्वोझ्जिएत्स गावच्या लाकडी सिनेगॉगचं रंगवलेलं छत तिथे जुन्या पद्धतीने, हाताच्या अवजारांनी पुन्हा घडवलंय. त्याखाली दहा मिनिटं मान वर करून उभं राहा. राशी, सिंह, ससे, हरणं, आणि मधल्या जागेत वेलबुट्टी. एखाद्या देवळाचा रंगवलेला सभामंडप आठवेल.

म्युझियमसमोर नाथान रापोपोर्टचं १९४८ सालचं घेटो वीरांचं स्मारक आहे. घेटो म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती. स्मारकाच्या पश्चिमेच्या बाजूला घेटोतले बंडखोर आहेत, आणि बहुतेक जण तिथेच फोटो काढून वळतात. मागे जा. पूर्वेच्या बाजूला वाकलेल्या म्हाताऱ्यांची, बायकांची आणि मुलांची रांग कोरलीय. स्मारकाचा काळा दगड स्वीडनहून आला, तो मुळात जर्मनांनी स्वतःच्या विजयस्मारकांसाठी मागवला होता. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट ७ डिसेंबर १९७० ला याच स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले.

वॉर्साचा घेटो म्हणून जे ‘बघायचं’ ते जवळजवळ उरलेलंच नाही, हे आधी समजून घ्या, नाहीतर गुरुवारी लोक गाईडला विचारत राहतात, ‘अहो, पण घेटो कुठाय?’ नोव्हेंबर १९४० मध्ये भिंतीआड बंद केलेल्या या भागात चार लाखांवर माणसं कोंबली होती. २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोक ट्रेब्लिंकाला नेले. १९ एप्रिल १९४३ ला बंड झालं, आणि १६ मे रोजी मोठं सिनेगॉग सुरुंगाने उडवून जर्मनांनी बंड संपल्याचं जाहीर केलं. नंतर सगळा भाग पाडून सपाट केला. आजच्या मुरानूफ वस्तीतल्या कित्येक इमारतींच्या दाराशी जायला उंचवट्यावर चढावं लागतं. खाली ढिगारा आहे, तो उचलण्याऐवजी त्यावरच बांधलं, आणि विटांच्या चुऱ्यातून नवे ठोकळे पाडले. मिवा रस्त्यावर १८ नंबरच्या बंकरच्या जागी असाच ढिगाऱ्याचा टेकाडवजा उंचवटा आहे. बंडाचा म्होरक्या मोर्देखाय आनिएलेविच ८ मे १९४३ ला तिथेच मेला.

म्हणून गुरुवारी चालायचं ते खाली बघत. फुटपाथमध्ये बसवलेली लोखंडी पट्टी दिसते, ‘मुर गेत्ता’, म्हणजे घेटोची भिंत, १९४०–१९४३. खऱ्या भिंतीचे तुकडे शेन्ना रस्त्यावर ५५ नंबरच्या आवारात आहेत. आत लोक राहतात, तेव्हा आवाज कमी. स्ताव्की रस्त्यावरच्या उमश्लागप्लाट्झला, जिथून गाड्या सुटायच्या, पांढऱ्या भिंतीवर साडेचारशेच्या आसपास नुसती पहिली नावं आहेत, ‘आबा’पासून ‘झाना’पर्यंत. आडनावं नाहीत.

ज्यू इतिहास संस्था चुकवू नका. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेटोतले कागद, म्हणजे रेशनची कुपनं, मुलांचे निबंध, मिठाईचे कागद, सरकारी हुकूम, पत्रं, पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत भरून पुरले. एक भाग १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये. त्यातली एक किटली तिथे ठेवलीय, गंजलेली, आपल्याकडे गवळी वापरायचा तशीच.

भारतीय गटाला गाईड सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट. यानुश कोर्चाक या डॉक्टरने चालवलेलं अनाथालय घेटोत होतं. तिथल्या मुलांनी १८ जुलै १९४२ ला रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ नाटक केलं. चार दिवसांनी गाड्या सुरू झाल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक सुमारे २०० मुलांबरोबर ट्रेब्लिंकाला गेला. स्वतःला वाचवायची संधी त्याने घेतली नव्हती.

ओकोपोवाची दफनभूमी १८०६ ची, ३३ हेक्टर, अर्धी रान झालेली. पावसानंतर मुळं आणि पानं निसरडी होतात, तेव्हा बूट जाड तळव्याचे हवेत. पुरुषांनी डोकं झाकायचं. गांधी टोपी चालते, क्रिकेटची कॅपही चालते. थडग्यावर फुलं वाहत नाहीत, लहान खडा ठेवतात. खडा वाटेवरचा घ्या, दुसऱ्याच्या थडग्यावरचा उचलू नका.

इथे थोडं शिकून गेलात तर दगड बोलायला लागतात. सगळ्यात वर दोन अक्षरं असतात, पे आणि नून: ‘इथे पुरलं आहे’. सगळ्यात खाली पाच अक्षरं: त्याचा जीव जीवनाच्या गाठोडीत बांधला जावो. वरच्या भागात अंगठे जुळवलेले दोन पंजे कोरलेले असतील तर तो कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. तांब्यासारखं भांडं असेल तर लेवी, कारण पुरोहितांच्या हातावर पाणी घालायचं काम त्यांचं. मोडलेली फांदी किंवा मेणबत्ती म्हणजे अकाली गेलेला माणूस. साल अक्षरांत लिहितात, कारण प्रत्येक हिब्रू अक्षराला अंक आहे, आणि पाच हजारांचा आकडा बहुधा गाळतात. अक्षरांची बेरीज करा आणि त्यात १२४० मिळवा. ताव (४००), रेश (२००), त्सादी (९०), तेत (९) म्हणजे ६९९, म्हणजे १९३९. ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरमधला मृत्यू असेल तर उत्तरातून एक वजा करा. शाळकरी मुलं बरोबर असतील तर हा हिशोब ती मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात.

ट्रेब्लिंका वॉर्साच्या ईशान्येला शंभरेक किलोमीटर. सार्वजनिक वाहनाने जाणं जवळपास अशक्य, गाडी ठरवावीच लागते. जाऊन-येऊन सहा तास धरा. पाणी आणि खाणं बरोबर घ्या, कारण वाटेत फारसं काही मिळत नाही. तिथे एकही बराक नाही, काटेरी तार नाही. जुलै १९४२ ते १९४३ च्या शरदापर्यंत इथे आठ लाखांहून जास्त माणसं मारली, आणि मग जर्मनांनी सगळं पाडून, नांगरून टाकलं. आज सिमेंटचे स्लीपर रूळमार्ग दाखवतात आणि मोकळ्यावर १७ हजार ओबडधोबड दगड उभे आहेत. काहींवर गावांची नावं. माणसाचं नाव असलेला दगड एकच, कोर्चाकचा.

ट्रेब्लिंका गाळून थेट ऑश्विट्झ करणारे फार. पण दोन्हींतला फरक कळल्याशिवाय काहीच नीट कळत नाही. मराठीत आपण सरसकट ‘छळछावणी’ म्हणतो. ट्रेब्लिंका, सोबिबूर, बेवझेत्स, हेवम्नो ही छावण्यांपेक्षा संहाराची केंद्रं होती. गाडीतून उतरलेला माणूस दोन-तीन तासांत मेलेला असायचा, राहण्याची सोय करायचं कारणच नव्हतं. ऑश्विट्झ आणि मायदानेक संहारकेंद्रंही होती आणि वेठबिगारीच्या छावण्याही, म्हणून तिथे बराकी आहेत, म्हणून तिथून वाचलेले आणि आठवणी लिहिणारे लोक आहेत. ट्रेब्लिंकातून युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिलेले शंभरही नव्हते, आणि त्यांतले बहुतेक २ ऑगस्ट १९४३ च्या उठावात पळालेले.

लुब्लिनला वॉर्साहून रेल्वेने दोनेक तास. मायदानेक शहराच्या कडेलाच आहे, सिटी बस जाते. टेहळणी मनोऱ्याच्या पलीकडे लोकांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे दिसतात. सोव्हिएत सैन्य जुलै १९४४ मध्ये इतक्या वेगाने आलं की जर्मनांना पुरावा मिटवायला वेळ मिळाला नाही. म्हणून इथली गॅस चेंबर मूळची उभी आहेत, भिंतीवर झिक्लॉन-बी या विषाचे निळे डाग आहेत. मेलेल्यांचा आकडा संग्रहालय ७८ हजार देतं, त्यांत ५९ हजार ज्यू. ३ नोव्हेंबर १९४३ या एका दिवसात इथे सुमारे १८ हजार ज्यूंना गोळ्या घातल्या, आणि आवाज झाकायला भोंग्यांवर संगीत लावलं होतं. त्या चरांचे खळगे घुमटाखाली राख ठेवलेल्या समाधीच्या मागे दिसतात. सगळं मिळून पाचेक किलोमीटर चाल होते. प्रवेश मोफत. आमच्या मते हे ऑश्विट्झपेक्षा जड जातं, कारण गर्दी नसते आणि कोणी पुढे ढकलत नाही.

संध्याकाळी लुब्लिनमध्ये ग्रोद्झ्का दरवाजापर्यंत जा. त्याच्या पलीकडचं ज्यू गाव पूर्ण पाडलं, आज तिथे मोठा मोकळा चौक आहे. पोद्वाले रस्त्यावर एक जुना दिवा दिवसरात्र पेटता ठेवतात. दुपारी गेलात तरी पेटलेलाच असतो, बिघडलाय असं समजून लोक पुढे जातात.

रविवारी क्राकोव्हपर्यंत रस्त्याने चारेक तास. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, वाटेतलं सामान शनिवारीच भरा. खाण्याचं इथेच सांगून टाकतो. शाकाहाऱ्यांनी ‘पिएरोगी रुस्किए’ मागवावेत, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले बारीक तुकडे टाकतात, म्हणून ‘बेझ स्क्वारेक’ हे दोन शब्द पाठ करा. ‘झुरेक’ सुपात सॉसेज असतं. आणि काझिमिएशमधल्या ‘ज्यू पद्धतीच्या’ हॉटेलांतलं जेवण कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे, असतंच असं नाही, बहुधा नसतं. पैसे झ्लोटीत लागतात, युरो धरून बसू नका.

काझिमिएश १३३५ ला वेगळं शहर म्हणून वसलं. रेमू सिनेगॉगच्या मागे सोळाव्या शतकापासूनची दफनभूमी आहे. मोझेस इस्सेर्लेस या धर्मशास्त्रज्ञाचं थडगं तिथेच, निधन १५७२. फुटलेल्या थडग्यांचे तुकडे जुळवून कुंपणाची भिंत रचलीय. गल्लीतून चालताना जुन्या दारांच्या उजव्या चौकटीकडे बघा. खांद्याच्या उंचीवर तिरकी खाच दिसली, तर तिथे मेझुझा होता, धर्मवचनाची चिठ्ठी ठेवलेली नळी. अलिबागकडच्या किंवा ठाण्याच्या बेने इस्राएल घरांच्या दारावर ज्यांनी ती पाहिलीय त्यांना चटकन ओळखू येईल. खाचेवर रंगाचे पाच-सहा हात चढलेत, तरी बोट फिरवलं की लागते.

आता ऑश्विट्झ. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून नीट वाचा.

बुकिंग संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, दोन-तीन महिने आधी. प्रवेशपत्रावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दाराशी ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घुसलेलं असतं आणि बुकिंग करणारा व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘सुनीता काकू’ एवढंच उचलतो. पासपोर्टचे फोटो मागवून अक्षरन् अक्षर तसंच टाका. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका. बॅग साधारण ए-फोर कागदाएवढीच चालते, मोठी असेल तर बसमध्ये ठेवा. तपासणी विमानतळासारखी असते, म्हणून वेळेच्या अर्धा तास आधी रांगेत. क्राकोव्हहून दीड तास लागतो असं म्हणतात, सकाळच्या रहदारीत दोन धरा. वेळ चुकली तर गट निघून जातो.

आपला टूर मॅनेजर आत माहिती सांगू शकत नाही. गटाला संग्रहालयाचाच प्रशिक्षित मार्गदर्शक घ्यावा लागतो, आणि त्याचा आवाज कानाला लावलेल्या यंत्रातून येतो. तो इंग्रजीत, सलग साडेतीन तास बोलतो. ज्येष्ठ मंडळींचा धागा पहिल्या अर्ध्या तासातच सुटतो. उपाय सोपा आहे: आदल्या संध्याकाळी हॉटेलात मराठीत अर्धा तास सगळं सांगून ठेवा, नकाशा कागदावर काढून. एकूण १३ लाख माणसं आणली, ११ लाख मारली, त्यांत सुमारे १० लाख ज्यू. ऑश्विट्झ एक म्हणजे विटांच्या बराकी आणि प्रदर्शनं. दोन म्हणजे बिर्केनाऊ, तीनेक किलोमीटरवर, मोफत बस. पहिला भाग २० हेक्टर, दुसरा १७० च्या आसपास. बहुतेक हत्या या दुसऱ्या भागात झाल्या.

फोटो फ्लॅशशिवाय चालतात. दोन जागी अजिबात नाहीत: चौथ्या ब्लॉकमधली केसांची खोली आणि अकराव्या ब्लॉकचं तळघर. बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सांभाळत काढलेले फोटो नियमात बसत असतील, पण काढू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं संग्रहालयच सांगतं.

आणखी एक, खास आपल्यासाठी. स्वस्तिकाचं लॉकेट, किल्लीला लटकणारं स्वस्तिक, मेंदीतलं स्वस्तिक, पर्सवरचं ‘शुभ-लाभ’, हे सगळं हॉटेलात ठेवून या. आपलं स्वस्तिक वेगळं, हे शंभर टक्के खरं. पण तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाची आजी कदाचित त्याच फलाटावर उतरलेली असते, आणि पोलंडमध्ये नाझी प्रचार हा गुन्हा आहे. दाराशी कोणाला समजावत बसायची ती जागा नव्हे. बोलताना ‘पोलिश छावणी’ही म्हणू नका. युनेस्कोच्या यादीत २००७ पासून ‘जर्मन नाझी’ असं स्पष्ट नाव आहे, आणि पोलिश माणसाला ती चूक झोंबते.

नेहमीची फेरी बिर्केनाऊत तास-दीड तासच असते. ती संपल्यावर गटाबरोबर परत फिरू नका. फाटकापासून क्रिमेटोरियमच्या, म्हणजे प्रेतं जाळायच्या भट्ट्यांच्या, अवशेषांपर्यंत किलोमीटरभर, आणि तिथून पुढे झाडीकडे ‘सेंट्रल सौना’ची, म्हणजे नव्या कैद्यांच्या आंघोळीची, इमारत. तिथे कैद्यांच्या सामानात सापडलेले कौटुंबिक फोटो लावलेत: लग्नं, सहली, बाळं, समुद्रावरचे पोरकट चाळे. फार थोडे लोक तिथवर पोहोचतात. सावली नाही, वारा अडत नाही. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी, थंडीत दोन जोड मोजे. क्राकोव्हजवळची मिठाची खाण त्याच दिवशी जोडणारा कार्यक्रम घेऊ नका, त्यात कापला जातो तो बिर्केनाऊच. वेळ उरला तर ओश्फ्येंचिम गावात जा, ऑश्विट्झ हे त्याचंच जर्मन नाव. युद्धाआधी या गावात निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. वाचलेलं एकच छोटं सिनेगॉग आणि शेजारचं संग्रहालय बघायला तासभर पुरतो.

काही जण याच सफरीत कोल्हापूरचा धागा शोधतात. वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि वॉर्सात त्याचं स्मारक आहे. जरूर बघा. पण ते लोक प्रामुख्याने कॅथलिक होते, सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हद्दपार केलेले आणि इराणमार्गे आलेले. दोन्ही कहाण्या एकत्र कालवल्या की दोन्ही बिघडतात.

मंगळवार हलका ठेवा. पोडगुझे भागातला घेटो मार्च १९४१ ते मार्च १९४३ असा दोन वर्षं होता. ल्वोव्स्का रस्त्यावर उरलेली भिंत बघा, तिचा वरचा काठ थडग्यांच्या दगडांसारखा गोलाकार केलेला. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या ऑस्कर शिंडलरच्या कारखान्यातलं संग्रहालय खरं तर व्यापलेल्या क्राकोव्हचं आहे, शिंडलर त्यात एका खोलीपुरता. तिकीट आधी काढा, दाराशी बहुतेक मिळत नाही. जवळच्या लिबान खाणीत थडग्यांनी फरसबंद केलेला रस्ता दाखवतात, तो ‘शिंडलर्स लिस्ट’ चित्रपटाच्या सेटचा उरलेला भाग आहे. त्यात दाखवलेली खरी प्वाशूफ छावणी शेजारच्या गवताळ माळावर.

घेटोवीरांच्या चौकात तादेऊश पांकिएविचचं ‘गरुडाखालचं’ औषधदुकान आहे, घेटोच्या आत चालू राहिलेलं एकमेव. बाहेर चौकात लोखंडी-काशाच्या मोठ्या ३३ रिकाम्या खुर्च्या मांडल्यात, कारण घेटो रिकामा केल्यावर याच चौकात लोकांचं फर्निचर पडून होतं. कडेला, ट्रामच्या थांब्यापाशी, तशाच लहान खुर्च्या आहेत. त्यांवर पिशव्या मांडीत घेऊन माणसं ट्रामची वाट बघत बसलेली असतात. बसायला मनाई नाही.